उघड्या कानांची साक्ष

२३ नोव्हेंबर, रविवार

माझी बायको रजनी, तिच्या बहिणीची मुलगी ऋचा तीन वर्षांपासून कोलकात्यात बालीगंजला आमच्याकडे राहते आणि रोज डमडमला जाऊन एका हेलिकॉप्टरला गप्प करायचा प्रयत्न करते. आज सुट्टीच्या दिवशी मलाही ओढून नेलं. म्हणे, "काका, तुम्ही वार्ताहर आहात. दुसऱ्याच्या कामात खोट काढायची तुम्हाला सवय आहे."

पत्र्याच्या शेडमध्ये ते यंत्र. रिक्षापेक्षा थोडं मोठं, पायलट नाही, पोटात रक्ताच्या पिशव्या ठेवायची थंड पेटी. आमच्या गल्लीच्या टोकाला रक्तपेढी आहे, तिच्या गच्चीवरून उडायचं आणि सुंदरबनातल्या एका बेटावरच्या छोट्या इस्पितळात उतरायचं, असा बेत. तिथे आज रक्त होडीने जातं आणि होडी भरती-ओहोटीला विचारून निघते. बाळंतपण कुणाला विचारत नाही. रक्तपेढी तयार, इस्पितळ तयार. अडलंय आमच्या गल्लीवर. गल्लीने आवाज नको म्हटलं की ऋचाची तीन वर्षं पाण्यात.

यंत्र सुरू झालं. तिथे सगळे कानांवर इअरमफ चढवतात, तो नियमच आहे. ऋचाने मला मात्र काढायला लावले. "आमचे कान हेच ऐकून ऐकून बथ्थड झालेत. तुमचे ताजे आहेत."

ताज्या कानांना धप-धप-धप असं ऐकू आलं, जणू वरच्या मजल्यावर कोणी गाद्या झोडपतंय. खाली उतरताना तर विचारूच नका. ऋचाने समजावलं : पुढचं पातं हवेत भोवरा सोडून जातं आणि मागचं पातं त्या भोवऱ्यावर आपटतं; त्याचा हा आवाज. मी म्हटलं, म्हणजे हा दोष यंत्राचा नाही, पूर्वकर्माचा. ती म्हणाली, "तुमच्या लेखात हे घालू नका."

३० नोव्हेंबर

डाळ करपली. रजनी महाराष्ट्र मंडळात हळदीकुंकवाच्या बैठकीला गेली होती. जाताना बजावून गेली की तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा. मी शेजारच्याच खोलीत पेपर वाचत बसलो होतो. एकही शिटी झाली नाही. शेवटी वासावरून उठलो तर आत कोळसा.

संध्याकाळी कुकर घेऊन गडियाहाटच्या बाजारात गेलो. दुरुस्तीवाल्याने पाणी घालून चालवून पाहिला आणि म्हणाला, "ठीक तो है, दादा." मी तरी रबर आणि शिटी दोन्ही बदलून घेतलं. आजकाल कोणी आपल्या कामाची जबाबदारी घेत नाही.

रजनी काहीच बोलली नाही. हे नवीन आहे. करपलेल्या डाळीवर तिचं मत नसणं म्हणजे अमावस्येला चंद्र. मागच्या महिन्यात तिने दाराची घंटाही बदलून घेतली. आधीची चिमणीसारखी होती. ही गिरणीच्या भोंग्यासारखी. का, तर "अशीच."

९ डिसेंबर

गल्लीच्या क्लबात हेलिकॉप्टरवर सभा झाली. अध्यक्ष शुभ्रांशुबाबू. ते निवृत्त प्राध्यापक आहेत, म्हणजे बोलण्यातून निवृत्त नाहीत. शांततेवर त्यांनी पाऊण तास भाषण केलं. दुर्गापूजेच्या पाच दिवसांत याच क्लबाचे कर्णे आमच्या खिडकीत असतात, हे मी मनात म्हटलं.

कामाचं एकच वाक्य बोलल्या मितालीदी. त्या रक्तपेढीला लागून असलेल्या घरात दुसऱ्या मजल्यावर गाणं शिकवतात. "मला एवढंच विचारायचंय. मुली सूर लावत असताना ते मध्ये येणार का?"

ठरलं असं की ऋचाने नवी पाती लावून यंत्र आणावं, समितीने शेजारच्या गच्चीवर उभं राहून ऐकावं आणि माझं मत ग्राह्य धरावं. मी स्पष्ट सांगितलं की ऋचा माझ्या नात्यातली आहे.

शुभ्रांशुबाबू म्हणाले, "म्हणूनच तर, जयंतबाबू. घरच्यांच्या चुका तुम्ही किती मोठ्या आवाजात काढता, ते सगळी गल्ली ऐकते."

मोठ्या आवाजात? हे पहिल्यांदाच ऐकलं.

२१ डिसेंबर

पुन्हा डमडम. दोनऐवजी पाच पाती आली आहेत, त्यामुळे प्रत्येकाला कमी ओझं आणि फिरणंही सावकाश. टोकं मागे वळवली आहेत. शेपटीच्या छोट्या पंख्याची पाती मुद्दाम असमान अंतरावर बसवली आहेत, म्हणजे सगळा आवाज एकाच सुरावर गोळा होत नाही. यंत्र उडालं, शेडभोवती फिरलं, उतरलं. गाद्या झोडपणारा कामावरून काढला गेला आहे. मी अक्षरशः टाळ्या वाजवल्या.

ऋचाने संगणकावर एक आलेख दाखवला. डावीकडचे सगळे डोंगर सपाट झाले होते. उजव्या टोकाला सुईसारखं एक टोक उभं होतं.

"काका, एखादी बारीक शीळ येते का ऐकू? फार वरच्या पट्टीत?"

"नाही."

"नक्की?"

"ऋचा, मी काय आज पहिल्यांदा साक्ष देतोय?"

तिचा कामातला जोडीदार अनिर्बाण मान हलवत बंगालीत काहीतरी पुटपुटला. ती त्याला म्हणाली, "पण काका नाही म्हणतायत ना!" चेहरा असा उजळला होता की मलाच बरं वाटलं. शीळ असती तर पात्यांच्या मागच्या कडेला करवतीसारखी दातेरी पट्टी लावावी लागली असती, घुबडाच्या पिसाला असते तशी, आणि मग पुन्हा दोन-एक महिने चाचण्या. तिच्या टेबलावर वर्धमान जिल्ह्यातलं एक रंगीत लाकडी घुबड ठेवलेलं आहे. इथे ते लक्ष्मीचं वाहन, दारात आलं तर शंख फुंकतात. आमच्या आईने झाडू घेतला असता.

४ जानेवारी

आज परीक्षा झाली. थंडी चौदा अंशांवर उतरली होती आणि कोलकात्याच्या माणसाला चौदा अंश म्हणजे हिमालय. समितीचे झाडून सगळे सभासद गच्चीवर आले ते माकडटोप्या घालून. नुसते डोळे आणि नाक बाहेर. शुभ्रांशुबाबूंनी टोपीवरून मफलरही गुंडाळला होता. आवाजाची परीक्षा घ्यायला आलेली ही समिती दरोडा घालायला निघाल्यासारखी दिसत होती. मितालीदी तेवढ्या नव्हत्या, शांतिनिकेतनला गेल्या होत्या.

मी रजनीने बळेच चढवलेली माकडटोपी काढून खिशात घातली. साक्षीदाराचं इंद्रिय उघडं पाहिजे. रजनी माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "अहो, असू दे ना टोपी. आणि त्या शुभ्रांशुबाबूंनाच सांगू दे ना काय ते." मी म्हटलं, सर्दी होत नाही मला.

यंत्र आलं, डोक्यावरून गेलं, वळलं, रक्तपेढीच्या गच्चीवर उतरलं. उतरतानाच काय तो घोंगडी झटकल्यासारखा थोडा आवाज. बाकी काही नाही.

सगळ्या टोप्या माझ्याकडे वळल्या. मी छोटं भाषण केलं. म्हटलं, आमच्या मीमांसकांनी अनुपलब्धी हे ज्ञानाचं स्वतंत्र साधन मानलंय. जमिनीवर घडा दिसत नाही, तेवढ्यावरून घडा नाही हे कळतं. मला उघड्या कानांनी आवाज ऐकू आला नाही. तस्मात् आवाज नाही. टोप्यांमधून वाफा आणि वाहवा बाहेर पडल्या. तिथल्या तिथे परवानगी मिळाली : फेब्रुवारीपासून रोज उड्डाण, महिनाभर प्रयोग म्हणून.

वडील इथे संस्कृत शिकवत आणि मला पहाटे उठवून न्याय-मीमांसा घोकवत. ते म्हणायचे, जयंताला व्याख्येचं शेपूट पाठ असतं, डोकं नाही. आज असते तर शब्द मागे घेतले असते.

८ जानेवारी

लेख छापून आला. मथळा 'गप्प बसलेलं हेलिकॉप्टर'. पुण्याहून संपादक रमेशचा फोन होता. फोन हल्ली रजनीच घेते आणि मला सांगते, कारण कंपन्यांनी आवाजाची प्रत घालवली आहे. रमेशला लेख आवडला, अनुपलब्धीचा परिच्छेद विशेष.

२ फेब्रुवारी

पहिली पिशवी गेली. सकाळी गच्चीवरून हात केला. यंत्र दक्षिणेला ठिपका होईपर्यंत ऋचा बघत होती. दुपारी बेटावरून निरोप आला की रक्त पोचलं आणि लागलंही. ती जेवली नाही, नुसती हसत होती.

१० फेब्रुवारी

थंडी गेली, टोप्या पेटीत गेल्या. गल्लीत काहीतरी शिजतंय. शुभ्रांशुबाबू समोरून आले आणि चपला बघत निघून गेले. चहाच्या टपरीवर मी बसलो की विषय मासळीच्या भावावर जातो. मी रजनीला विचारलं, हे काय चाललंय? ती म्हणाली, "माणसं आहेत, चालायचंच." हे उत्तर नव्हतं.

१४ फेब्रुवारी

सभा. जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

शुभ्रांशुबाबू आज थोडक्यात बोलले, तेव्हाच मला भीती वाटली. म्हणाले, "ते यंत्र शीळ घालतं. सुईसारखी. डाव्या कानातून शिरते, उजव्यातून निघते. मुलं झोपेतून उठतात. मितालीदींच्या मुली तानपुरा सोडून त्या शिळेच्या सुरात गायला लागल्यात."

मी म्हटलं, अशक्य. मी स्वतः ऐकलंय.

"जयंतबाबू, त्या दिवशी आम्ही सगळे टोपीत होतो. चूक आमची, मान्य. पण उघडे कान एकट्या तुमचे होते, मोशाय."

मितालीदी हळू म्हणाल्या, "जाऊ द्या. घरच्या मुलीसाठी माणूस एवढं करतोच. माझा राग नाही." राग असता तर बरं झालं असतं. वार्ताहर म्हणून अठ्ठावीस वर्षांत मी लोकांना कंटाळा आणला असेल, खोटं लिहिलं नाही.

महिना पुरा होईपर्यंत थांबायचं नाही, परवानगी आत्ताच मागे घ्यायची, असा ठराव झाला. मी विनवलं म्हणून सही बावीस तारखेच्या रविवारपर्यंत टांगली.

घरी येऊन ऋचाला विचारलं, "शीळ आहे?"

"आहे, काका. आलेखात दिसत होती ना."

"आणि ऐकू?"

"इअरमफ काढून एकदा ऐकली होती. पण तुम्ही दोनदा नाही म्हणालात. मला वाटलं, माझाच भास." मग म्हणाली, "खरं सांगू? मला तसं वाटून घ्यायचं होतं." आणि आत गेली.

मला अजून वाटतं, गल्लीला एकाने सांगितलं म्हणून बाकीच्यांना ऐकू येतंय.

१५ फेब्रुवारी, रविवार

सकाळी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभा होतो, घुश्शात. समोर कुकर होता. रजनी मागच्या बाल्कनीत कपडे वाळत घालत होती, मधे दोन दारं.

मी पाहिलं की कुकरची शिटी वर उचलली गेली. वाफ जोरात छतापर्यंत गेली. शिटी थरथरली आणि खाली बसली. मला फक्त वाफेचा फुसफुसाट आला, तोही डोळ्यांनी पाहिला म्हणून. मग पुन्हा उचलली. पुन्हा बसली. मी बघतच राहिलो. नवीन रबर, नवीन शिटी.

तिसऱ्यांदा बसली तेव्हा रजनी ओल्या हातांनी आत आली. "अहो, समोर उभे आहात आणि तीन झाल्या तरी..." आणि माझा चेहरा बघून थांबली. गॅस बंद केला.



"कधीपासून?" मी विचारलं.

"ओंकारच्या लग्नापासून. सनईवाला सुरात नाही म्हणून तुम्ही भांडलात ना, तेव्हा माझ्या लक्षात आलं. तो सुरात होता."

आमच्या मुलाच्या लग्नाला चार वर्षं झाली.

"सांगितलं का नाहीस?"

"दोनदा सांगितलं. तुम्ही ऐकून घेतलं नाहीत. मग म्हटलं, घंटा बदलावी."

१७ फेब्रुवारी

कानांची तपासणी झाली. एका काचेच्या खोलीत बसवतात, कानात सूर सोडतात, ऐकू आला की बटण दाबायचं. बराच काळ मी बटण न दाबता आरामात बसलो होतो आणि मला वाटत होतं, तपासणाऱ्या बाई चहाला गेल्या असाव्यात.

कागदावर माझी रेघ बरीच सरळ जाते आणि मग गंगेच्या घाटासारखी पायऱ्या उतरत पाण्यात. ऋचाने तिचा डिसेंबरमधला आलेख आणून शेजारी ठेवला. जिथे माझी रेघ बुडते, नेमकी तिथेच तिची सुई उभी आहे. ती शीळ जणू माझ्या मापाने शिवली होती. धप-धप मला ऐकू येत होतं, कारण ते खर्जातलं. मी काही ढोंग करत नव्हतो. हे कोणाला सांगू?

वडिलांची जुनी पोथी काढली नाही, गरज नव्हती. व्याख्येचं डोकं आपोआप आठवलं. मीमांसक नुसती अनुपलब्धी मानत नाहीत, योग्य अनुपलब्धी मानतात. घडा असता तर दिसलाच असता, एवढा उजेड आणि एवढी नजर असली पाहिजे. अंधारात घडा दिसला नाही, तर तो अंधार कळला. घड्याबद्दल काही कळलं नाही. मी गच्चीवर भर सकाळी अंधारात उभा होतो.

२२ फेब्रुवारी

क्लबात जाण्याआधी रजनी म्हणाली, मी सांगू का? मी म्हटलं, आतापर्यंत तूच सगळं सांगत आलीस, फोनसुद्धा.

मी तपासणीचा कागद पुढे ठेवला आणि म्हटलं, "मी खोटं बोललो नाही. पण जे बोललो ते खरंही नव्हतं. मला वरचे सूर ऐकू येत नाहीत. चार वर्षं येत नाहीत. मला आठवड्यापूर्वी कळलं. यात ऋचाचा दोष एवढाच, की तिने माझ्यावर विश्वास ठेवला."

शुभ्रांशुबाबूंनी कागद डोळ्यांजवळ नेला आणि विचारलं, "कोणत्या डॉक्टरकडे गेला होतात?" त्यांना म्हणे सहा महिने डाव्या कानात झांज ऐकू येते. त्यावर खजिनदार म्हणाले, त्यांना टीव्ही कमी येतो. पुढचा तासभर गप्पांचा अड्डा फक्त कानांवर : होमिओपॅथी, गरम सरसूचं तेल, कोणाचे मामा. सभेचा विषय मीच त्यांना तीनदा आठवून दिला.

शेवटी मितालीदी उठल्या. आधी माझ्यासमोर येऊन म्हणाल्या, "मी त्या दिवशी जे बोलले, ते चुकलं." मग सभेला म्हणाल्या, "मुलीला मार्चअखेरीला अजून एकदा येऊ द्या. दातेरी पट्टी का काय ती लावून. पण या वेळी ऐकणार मी. आणि टोपी कोणी घालायची नाही." कोणीतरी म्हणालं, मार्चअखेरीला कोण टोपी घालतंय? "शुभ्रांशुदांचा नेम नाही," त्या म्हणाल्या.

तोवर उड्डाणं बंद. बेटावर रक्त पुन्हा होडीने.

रात्री रमेशला फोन केला, स्पीकरवर, रजनी शेजारी. दुरुस्ती छापायला सांगितलं.

"काय छापू? आमच्या वार्ताहराला ऐकू येत नाही?"

"वाक्य चांगलं आहे. तसंच छाप."

११ मार्च

कानात श्रवणयंत्रं आली. ऋचा पट्ट्यांचे दाते लहान-मोठे करून बघते आहे. घरी येते ती बोटांना चिकटपट्ट्या लावून. तिला आठ दिवसांपूर्वी बेटावरून फोन आला होता, होडी ओहोटीत अडकली म्हणून. बाळंतीण वाचली, पण थोडक्यात. ऋचाने मला दोष दिला नाही. मी दिला.

२९ मार्च, रविवार

गच्चीवर मितालीदी सतरंजी टाकून तानपुरा घेऊन बसल्या. बाकी समिती उन्हात, उघड्या डोक्याने. मी कानातली यंत्रं काढून रजनीच्या हातात दिली. आज मला साक्ष द्यायची नव्हती, फक्त बघायचं होतं.

मितालीदींनी डोळे मिटून षड्ज लावला. दक्षिणेकडून यंत्र आलं. मला त्याचा आवाज नाही आणि त्यांच्या तारांचा वरचा झंकारही नाही. मी त्यांचा चेहरा बघत होतो आणि ऋचा माझा. यंत्र डोक्यावर आलं, सावली सतरंजीवरून गेली. त्यांची बोटं तारांवरून फिरत राहिली. यंत्र पलीकडे रक्तपेढीच्या गच्चीवर टेकलं तेव्हा एक भुवई किंचित वर गेली, बस.

डोळे उघडून त्या म्हणाल्या, "काहीतरी आहे. बशीतल्या चहावर कोणी फुंकर घालावी तसं. पण सूर नाही त्याला. माझ्या सुराच्या अंगावर येत नाही. दिवसा येऊ दे. मुलं झोपल्यावर नको."

ऋचाने खाली बसून त्यांच्या पायांना हात लावला आणि तशीच बसून राहिली. शुभ्रांशुबाबूंनी ठरावावर सही करून कागद माझ्यापुढे धरला, साक्षीदार म्हणून. मी म्हटलं, मला काही ऐकू आलेलं नाही. ते म्हणाले, "पण तुम्ही पाहिलंत. मीमांसकांना चालतं ना?" मी सही केली. खाली कंसात लिहिलं, 'बघून'.

घरी आल्यावर यंत्रं पुन्हा कानात घातली. रजनी आंघोळीला गेली आणि मी पेपर घेऊन बसलो. एकदम स्वयंपाकघरातून असा कर्कश चीत्कार आला की पेपर हातातून पडला. घरात हे चार वर्षं रोज चाललंय आणि एकाही समितीने यावर सभा घेतली नाही.

पुन्हा शिटी झाली. मग पुन्हा.

मी उठलो आणि गॅस बंद केला.